भारतात एक पाय

मराठी माणूस परदेशात पडला की त्याच्याबद्दलचा पहिला प्रश्न 'कसा आहे?' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, 'आणताय कधी?' पडलेला माणूस अजून जमिनीवरून उठलेला नसतो, कोणतं हाड मोडलंय हे त्याचं त्यालाही कळलेलं नसतं, पण पुण्यात, साताऱ्यात आणि डोंबिवलीत परतीच्या विमानांच्या वेळा बघणं सुरू झालेलं असतं. तिकडे उपचार होणार नाहीत, असं कुणाचंच म्हणणं नसतं. लंडन असो, सिंगापूर असो, तिथले डॉक्टर हुशार असतात हे सगळ्यांना मान्य असतं. शंका एवढीच की हुशार असले तरी ते 'आपले' नाहीत.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी कोलकात्यात राहतो. मराठी पर्यटकांच्या लेखी कोलकाता हे मुक्कामाचं गाव नाही, जाता-येता लागणारं गाव आहे. कुणी भूतानला निघालेलं असतं, कुणी अंदमानला, कुणी बँकॉकला. सगळे दमदमला उतरतात, व्हिक्टोरियासमोर फोटो काढतात, मिष्टी दोई खाऊन 'आपल्या श्रीखंडाची सर नाही' असा निकाल देतात आणि पुढे जातात. जाताना इथल्या नातेवाइकाला फोन करत नाहीत. उगाच कशाला त्रास द्यायचा! परतताना मात्र, विशेषतः आडवं होऊन परतताना, आमची आठवण उचंबळून येते. 'तू काय, तिथलाच आहेस' असं मला सांगितलं जातं. एरवी पुण्याच्या लग्नकार्यात मी 'बंगालात गेलेला' असतो.

मामांचा पाय ऐन दुर्गापूजेत मोडला. मामा निवृत्त इंजिनियर. रोज सकाळी पर्वती चढणारे. पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या या माणसाने आयुष्यात इतक्या वेळा चढल्या आहेत की हिमालयाकडे ते साधारण बरोबरीच्या नात्याने बघतात. या खेपेस ते गेले होते भूतानला. पारोजवळचा तक्त्संग मठ समुद्रसपाटीपासून ३,१२० मीटर उंचीवर, कड्याला चिकटून उभा आहे. गुरू पद्मसंभव तिथे वाघिणीच्या पाठीवर बसून उडत आले अशी श्रद्धा आहे. मठ १६९२ साली बांधायला घेतला, १९९८ साली जळाला आणि पुन्हा उभा राहिला. पर्यटकांना वाघीण मिळत नाही, घोडं मिळतं, आणि तेही फक्त चढताना. उतरताना कुणालाही घोड्यावर बसवत नाहीत. 'मला दोन्ही वेळा नको,' असं मामांनी घोडेवाल्याला बाणेदारपणे सांगितलं आणि बाणेदारपणे चढलेसुद्धा. दर्शन झालं, फोटो झाले. पाय मोडला तो उतरून आल्यावर. कड्यावर नाही, पायऱ्यांवर नाही, तर खाली सपाटीवर, माळा-मुखवटे विकणाऱ्या दुकानासमोर, मागे वळून मामींना 'बघ, झालं का मला काही?' असं विचारताना.

तिथल्या सरकारी दवाखान्यात मामांना नेलं. भूतानमध्ये सरकारी उपचार मोफत असतात. एका शांत, तरुण डॉक्टरांनी एक्स-रे काढला, घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं हाड तडकलंय पण जागेवरून हललेलं नाही असं सांगितलं, मागून स्लॅब लावून क्रेप बँडेज गुंडाळलं आणि पाय उंचावर ठेवायला सांगितला. मामींनी पर्स उघडली. डॉक्टरांनी हसून पैसे नाकारले. इथूनच मामांच्या मनात संशय शिरला. पाय त्यांना दुखत होता, पण त्याहून जास्त हे फुकटपण दुखत होतं. 'पैसे न घेता घातलेलं प्लास्टर टिकेल का गं?' असं त्यांनी मामींना रात्री विचारलं म्हणतात.

तोपर्यंत एक्स-रेचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर पोचला होता. फिल्म हॉटेलच्या खिडकीला टेकवून मामींनी तो काढला होता. आमच्या कुटुंबात डॉक्टर एकही नाही, त्यामुळे मतं मोकळेपणाने आली. एका मावसभावाने 'हेअरलाइन' म्हणून टाकलं. एका मावशीने 'रॉड घालावाच लागणार, आमच्या शेजारच्यांना घातला' असं कळवलं. मर्चंट नेव्हीतल्या भाच्याने समुद्रावरून दुसरं फ्रॅक्चर शोधून काढलं आणि एक्स-रेवर लाल गोल करून पाठवलं. तो खिडकीचा गज निघाला. पण हे कळेपर्यंत 'दोन ठिकाणी मोडलंय' ही बातमी साताऱ्यापर्यंत गेली होती आणि तिथून ती 'चालतील ना पुन्हा?' या स्वरूपात माझ्याकडे परत आली. ठराव मात्र एकमताने झाला. मामांना ताबडतोब पुण्याला आणायचं, आपल्या डॉक्टरांकडे.

मामांनी प्रवास विमा काढलेला होता. विम्याच्या माहितीपत्रकावर छोटं पांढरं विमान, त्यावर लाल क्रॉस, शेजारी हसणारं कुटुंब असं चित्र होतं. त्या विमानाच्या भरवशावर मी फोन लावला.

"सर, पेशंटला लागणारे उपचार तिथे उपलब्ध नाहीत का?" पलीकडच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात विचारलं.

"आहेत."

"मग उपचार नीट झाले नाहीत का?"

"झाले. उत्तम झाले."

"मग पेशंटला हलवायचं कारण?"

कारण सांगणं अवघड होतं. पॉलिसीतलं ते विमान कुणाला मिळतं, हे त्यांनी मला न कंटाळता समजावलं. जिथे योग्य उपचार होऊ शकत नाहीत अशा ठिकाणी माणूस अडकला, तिथल्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आणि कंपनीच्या डॉक्टरांनी ते मान्य केलं, तर त्याला उपचार होऊ शकतील अशा जवळच्या ठिकाणी नेतात. घरीच नेतील असं नाही. पारोपासून जवळचं ठिकाण म्हणजे थिंफू, रस्त्याने दीडएक तास. "थिंफूच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवायचं का सर?" असं त्यांनी विचारलं. मी ते मामांना कळवलं. "थिंफूत आपलं कोण आहे?" मामांनी विचारलं. विम्याच्या अर्जात या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

मग साध्या विमानाने आणायचं ठरलं, आणि मोडलेला पाय हे केवढं मोठं कागदपत्री प्रकरण आहे याचा शोध लागला. ताजं प्लास्टर घातलेल्या प्रवाशाला बहुतेक विमान कंपन्या लगेच घेत नाहीत. छोट्या प्रवासाला चोवीस तास आणि मोठ्या प्रवासाला अठ्ठेचाळीस तास थांबा म्हणतात, किंवा प्लास्टर उभं चिरून आणा म्हणतात. कारण सरळ आहे. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, पाय सुजतो, प्लास्टरमध्ये अडकलेली हवा फुगते आणि पायाचा रक्तपुरवठा आवळला जाऊ शकतो. मामांना अर्धं प्लास्टर होतं, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण नियमामागचं कारण कळल्याबरोबर त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला. विमानाच्या केबिनमध्ये जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर असतो तेवढा विरळ दाब ठेवतात. पारोचा विमानतळच मुळी सात हजार फुटांच्या वर आहे. म्हणजे पारोहून कोलकात्याला येणाऱ्या माणसाच्या पायावर विमानाचा फारसा परिणाम होणार नाही, आणि दमदमला उतरल्यावर तर सूज दाबली जाईल! हे सगळं मामांनी कागदावर आलेख काढून तिकीट खिडकीवरच्या मुलीला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, डॉक्टरांची सही."

चाकाच्या खुर्चीतही तीन प्रकार असतात. पहिला, ज्याला लांब चालवत नाही पण जिने चढता येतात. दुसरा, ज्याला जिने चढता येत नाहीत पण विमानात चार पावलं टाकता येतात. तिसरा, ज्याला आसनापर्यंत उचलूनच न्यावं लागतं. यातला कोणता, असं विचारल्यावर मामांनी मान ताठ करून 'पहिला' असं सांगितलं. पर्वती आडवी आली. पारोला प्रवाशांना शिडीनेच विमानात चढावं लागतं. शिडीच्या पहिल्या पायरीशी खुर्ची थांबली आणि ढकलणारा माणूस अदबीने बाजूला झाला, कारण कागदावर लिहिल्याप्रमाणे आता मामा जिना चढणार होते. मामांनी शिडीकडे पाहिलं. शिडीने मामांकडे पाहिलं. शेवटी चौघांनी खुर्चीसकट वर नेलं. वर पोचेपर्यंत ते 'सावकाश, सावकाश, आपल्याला घाई नाही' असं मराठीत सांगत होते आणि ते चौघे झोंगखात काहीतरी उत्तर देत होते. दोन्हीकडे समाधान होतं.

आत आणखी एक गंमत होती. अख्ख्या विमानात पाय पसरायला खरी जागा असते ती संकटकाळी उघडायच्या दाराजवळच्या रांगेत, आणि पाय मोडलेल्या माणसाला त्या रांगेत बसू देत नाहीत. नियम योग्यच आहे. वेळ आली तर ते दार उघडून बाहेर पडणाऱ्यांना मदत करायची असते. तरी धडधाकट पाय पसरून तिथे झोपलेला तरुण बघताना मामांच्या मनात काय आलं असेल ते आपण ओळखू शकतो. पूर्ण आडवं नेण्याचीही सोय काही कंपन्या करतात. सहा ते नऊ आसनांच्या पाठी पाडून वर स्ट्रेचर बसवतात आणि त्या सगळ्या आसनांचे पैसे लावतात. हे ऐकल्यावर मामा बसून यायला लगेच तयार झाले.

भूतान आणि कोलकाता यांचा हा हवाई रस्ता जुना आहे. भूतानच्या राष्ट्रीय विमानसेवेने १९८३ साली पहिलं उड्डाण केलं तेच पारो ते कोलकाता. त्याच विमानात मामांच्या शेजारी घो घातलेले एक भूतानी गृहस्थ होते. त्यांच्या मांडीवरही एक्स-रेची मोठी पिशवी होती. तेही उपचारांसाठीच निघाले होते, आणि उतरणार होते कोलकात्यालाच. जे आजार देशात बरे होत नाहीत त्यांच्या रुग्णांना भूतान सरकार स्वतःच्या खर्चाने भारतात पाठवतं, आणि त्यातले पुष्कळ जण कोलकात्याच्या रुग्णालयांत येतात. गृहस्थांनी मामांना विचारलं, "तुम्हीही कोलकात्याला दाखवणार ना? तिथले डॉक्टर फार चांगले." मामा म्हणाले, "नाही नाही, आम्हाला पुढे जायचंय."

दमदमला मी उभा होतो. खुर्ची बाहेर आली, वर मामा, मांडीवर पिशवी, पिशवीवर मामींची पर्स, पर्समधून डोकावणारी याकच्या दुधाच्या चीजची पुडी. एवढ्यात विम्याच्या बाईंचा फोन आला. त्यांना क्लेमचा कागद पूर्ण करायचा होता.

"सर, पेशंटने भारतात पाय ठेवला का?"

मी मामांकडे पाहिलं. "एक ठेवलाय," मी म्हटलं. "दुसरा अजून हवेत आहे."

बाई हसल्या नाहीत. परदेश प्रवासाच्या बहुतेक पॉलिसी प्रवासी भारतात परतला की संपतात. त्या दृष्टीने मामा आता घरी पोचले होते. इमिग्रेशनच्या शिक्क्यानुसारही घरी पोचले होते. फक्त मामांच्या मते घर आणखी दोन हजार किलोमीटरवर होतं आणि मधला भाग त्यांच्या हिशेबात अजून परदेशच होता.

कोलकात्यात अॅम्ब्युलन्स ही मुख्यतः पाड्याच्या क्लबची असते. प्रत्येक गल्लीला क्लब असतो, क्लबला कॅरम असतो, आणि बऱ्याच क्लबांना खासदार-आमदार निधीतून मिळालेली अॅम्ब्युलन्स असते. गाडीवर लोकप्रतिनिधीचं नाव मोठं आणि 'अॅम्ब्युलन्स' हा शब्द त्याहून लहान. आमच्यासाठी ती मिळवली एका विट्याच्या माणसाने. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक भारतभर सोनं-चांदी गाळतात. तसे ते कोलकात्याच्या बडाबाजारातही आहेत. कोणत्याही शहरात मराठी माणसावर वेळ आली की पहिला पोचतो तो गलाईवाला, कारण त्याच्याकडे ओळखी असतात आणि तो मतं देत नाही. पूजेचे दिवस असल्याने गाडीत स्ट्रेचरवर वर्गणीच्या पावतीपुस्तकांचे गठ्ठे होते. ते खाली ठेवून मामांना वर ठेवलं. ड्रायव्हरने आश्वासन दिलं, "कोनो चिंता नेई दादा, आध घंटा!"

पूजेच्या संध्याकाळी विमानतळाच्या रस्त्यावर अर्धा तास ही एक कल्पना आहे. व्हीआयपी रोडवर माणसांचा पूर लोटलेला असतो. याच रस्त्यावरच्या श्रीभूमी स्पोर्टिंग क्लबने २०२१ साली बुर्ज खलिफाचा मंडप उभारला होता. त्याच्या लेझरच्या दिव्यांबद्दल वैमानिकांनी तक्रार केली म्हणून ते बंद करावे लागले आणि गर्दी इतकी झाली की मंडपच बंद करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात युनेस्कोने दुर्गापूजेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. वारशाच्या गर्दीत अडकलेल्या गाडीतून मामा बाहेर बघत होते. लोक आत बघत होते. सायरन ऐकून लोक बाजूला होत होते, पण बाजूला व्हायला जागाच नसल्यामुळे ते नुसतेच दिलगीर चेहऱ्याने जिथल्या तिथे उभे राहत होते.

बऱ्याच वेळाने आम्ही आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला लागलो आणि पुन्हा थांबलो. मामांना धीर यावा म्हणून मी इतिहास सांगितला. भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या तेव्हा घाबरलेल्या कोलकातेकरांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नाव मराठा डिच. मराठे काही कोलकात्यापर्यंत आले नाहीत, खंदकही पुरा झाला नाही. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, आपण आहोत तोच. मामांनी पायाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणजे," ते म्हणाले, "ज्यासाठी खणला, ते काम आज झालं म्हणायचं."

घरी पोचल्यावर शेजारचे दादा हजर झाले. बंगाली शेजारी रिकाम्या हाताने येत नाही. त्यांच्या एका हातात आर्निकाची कुपी आणि दुसऱ्या हातात बोरोलिनची हिरवी ट्यूब होती. मोडलेल्या हाडावर बोरोलिनचा काय उपयोग, हे विचारण्यात अर्थ नव्हता. १९२९ पासून बंगाली माणूस ते सगळ्यालाच लावत आला आहे. मामींनी पंखा लावला. "ठांडा लेगे जाबे," म्हणून दादांनी तो बंद केला. घामाच्या धारा लागलेल्या मामांना त्यांनी कोलकात्याच्या वैद्यकीय परंपरेचा इतिहास ऐकवला. १८३५ साली मेडिकल कॉलेज इथे निघालं. १८३६ साली मधुसूदन गुप्तांनी इथे शवविच्छेदन केलं तेव्हा फोर्ट विल्यममधून तोफांची सलामी झाली असं सांगतात. काळ्या आजारावरचं औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी इथे शोधलं. १९७१ साली निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा दिलीप महालनबीसांनी साधं मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारोंना वाचवलं. जगभर आज ओआरएस म्हणून जे देतात, त्याची खरी परीक्षा इथे झाली. ऐकता ऐकता मामा डळमळले. इथेच दाखवावं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं.

"तुमच्या ओळखीचा इथला कुणी हाडांचा चांगला डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"एखानकार डाक्तार?" दादा दचकले. "ना ना! आमि तो भेलोर जाच्छि." पूजा संपली की ते स्वतःचा गुडघा दाखवायला वेल्लोरला निघाले होते. तिकिटं काढून झाली होती.

इथे मला एकदम सगळं चित्र दिसलं. भूतानचा रुग्ण कोलकात्याला येतो. बांगलादेशचा रुग्ण कोलकात्याला येतो. २०२४ च्या ऑगस्टनंतर व्हिसाची अडचण होऊन तो ओघ आटला, पण त्याआधी न्यू मार्केटमागच्या मार्क्विस स्ट्रीटवरची हॉटेलं त्या कुटुंबांनी भरलेली असत. कोलकात्याचा रुग्ण वेल्लोरला किंवा चेन्नईला जातो. वेल्लोरच्या खानावळींवर बंगालीत पाट्या आहेत. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून मराठी रुग्ण पुण्याला जातो. उपचार नेहमी पुढच्या गावी असतात. आपलं गाव सोडून, किंवा आपलं गाव गाठून.

तरीही विट्याच्या माणसाने दुसऱ्या दिवशी एका अस्थिरोगतज्ज्ञांना गाठलंच. अष्टमीची अंजली देऊन, नव्या कोऱ्या पंजाबी कुर्त्यात ते घरी आले. एक्स-रे उजेडात धरला, बोटांची हालचाल बघितली, सूज दाबून पाहिली. "हाड जागेवर आहे," ते म्हणाले. "ऑपरेशन लागणार नाही. पारोच्या डॉक्टरांनी छान काम केलंय. सूज उतरली की पूर्ण प्लास्टर घाला. इथे घाला, तिथे घाला." मामांनी मान डोलावली. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "पुण्याला दाखवून घेऊ."

घर गाठण्याची ही ओढ जुनी आहे. कोलकात्याहून परदेशी गेलेली आणि आजारी होऊन घरी परतलेली सगळ्यांत मोठी मराठी प्रवासी म्हणजे आनंदीबाई जोशी. पती गोपाळरावांची टपालखात्यातली बदली कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला झालेली होती. इथूनच, १८८३ च्या एप्रिलमध्ये, अठरा वर्षांची ती मुलगी गोपाळरावांशिवाय बोटीत बसली. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्षयाने खंगलेली मुंबईला उतरली. आपल्या हवेत, आपल्या माणसांत बरं वाटेल अशी आशा सगळ्यांना होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. क्षयावर तेव्हा फिलाडेल्फियातही औषध नव्हतं आणि पुण्यातही नव्हतं. घराकडे नसलेली विद्या घर देऊ शकत नाही, हे त्या स्वतः डॉक्टर असल्याने आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जाणत असणार. तरी त्या घरीच आल्या.

मामांना पुढे कसं न्यायचं यावर पुन्हा ग्रुप पेटला. गाडीने आणा, असा जुन्या मंडळींचा आग्रह होता. त्यांच्या मनात गीतांजली होती. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात, ही हावडा-मुंबई गाडी वर्गभेद नसलेली म्हणून सुरू झाली. लाकडी बाकांवर दोन इंचांचा फोम आला तोही दंडवत्यांच्याच काळात. मोडक्या हाडांच्या कितीतरी माणसांनी त्या दोन इंचांना मनातल्या मनात हात जोडले असतील. पण फोम कितीही चांगला असला तरी दीड दिवसाच्या प्रवासात एका पायावर, हलत्या गाडीत, डब्याच्या टोकाला जाऊन काय काय करावं लागतं याचा मामांनी शांतपणे विचार केला आणि विमानाच्या बाजूने मत दिलं. या खेपेस खुर्चीचा प्रकार मामींनी सांगितला. शेजारचं आसन पाय ठेवायला विकत घेतलं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी सुरू केली. पावणेतीन तासांत मामा पुण्यात.

आपल्या डॉक्टरांनी स्लॅब सोडला, एक्स-रे लावला, बराच वेळ बघितला. सगळं कुटुंब केबिनमध्ये उभं होतं. मीही व्हिडिओ कॉलवर होतो. "कुणी लावलाय स्लॅब?" त्यांनी विचारलं. मामी घाबरत म्हणाल्या, "भूतानमध्ये. फुकट."

"उत्तम लावलाय. हाड जागेवर आहे. ऑपरेशन नको. पूर्ण प्लास्टर घालतो, सहा आठवडे."

तीन देशी-परदेशी डॉक्टरांचं एका हाडाबद्दल एकमत झालं, ही वैद्यकशास्त्रातली दुर्मिळ घटना. पहिल्याने ते फुकट सांगितलं, दुसऱ्याने पूजेच्या दिवशी घरी येऊन सांगितलं, पण मामांना ते पटलं तिसऱ्याने सांगितल्यावर. आणि पटल्याबरोबर पायाचं दुखणं निम्मं झालं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा माझं मत असं झालं आहे की घर हे औषध नव्हे, अनुपान आहे. मधाने रोग जात नाही, पण मधाशिवाय मात्रा घशाखाली उतरत नाही.

फक्त अनुपानापायी औषधाला उशीर होता कामा नये. मामांचं हाड हललेलं नव्हतं म्हणून ही सगळी हौस परवडली. म्हणून परदेशी निघणाऱ्या मंडळींना चार गोष्टी सांगतो. विमा काढाच, पण त्यातलं विमान कुणासाठी आहे आणि ते कुठे सोडणार आहे हे निघण्यापूर्वी वाचा. पॉलिसीचा नंबर सोबतच्या माणसाकडेही ठेवा, कारण पडणाऱ्याचा फोन बहुधा त्याच्यासोबत पडतो. चाकाच्या खुर्चीचा प्रकार विचारला की अभिमान बाजूला ठेवून खरं सांगा. जखम उघडी असेल, पायाची बोटं निळी पडत असतील, शुद्ध हरपत असेल, तर तिथल्या तिथे, थिंफूला तर थिंफूला, दाखवा. आणि एक्स-रेचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचाच असेल, तर तो खिडकीला टेकवून काढू नका.